सीव्ही लिहायचा नसतो, मागायचा असतो

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: सीव्ही हा सीनियरकडून मागून घ्यायचा असतो. त्यानेही तो त्याच्या सीनियरकडूनच घेतलेला असतो, म्हणजे हा वडिलोपार्जित ऐवज आहे. आपण फक्त नाव आणि फोन नंबर बदलायचा. त्यातही नंबर विसरला तरी चालेल.

वरचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' तर मुळीच हलवू नका. 'माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी उपयोग करून स्वतःचाही विकास साधणे' हे वाक्य बँकेला चालतं, बेकरीला चालतं, अवकाश संशोधनालाही चालतं. अर्ज नक्की कुठे करतोय हे माहीत नसलं तरी अडत नाही.

लिओनार्दो दा विंचीने इथेच माती खाल्ली. १४८२ च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार हाकणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागताना त्याने समोरच्याला लढाईत काय लागेल ते मुद्देवार लिहिलं: उचलून नेता येणारे हलके पूल, तोफा, वेढ्याची साधनं. आणि चित्रं काढता येतात हे पार शेवटी! समोरच्याची गरज आधी आणि आपलं कौतुक नंतर, ही काय रीत झाली? तुम्ही शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीस सगळ्यात वर टाका.

काम काही केलं असेल तर ते कळेल असं लिहू नका. समजा, सुट्टीत तुम्ही ग्रंथालयातल्या ४०० पुस्तकांची नोंद संगणकावर केलीत आणि दोनदा चढलेली ३० शोधून काढलीत. हे इतक्या सरळ लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच समजेल की हा पोरगा नेटाने बसून काम करतो. त्यापेक्षा 'ज्ञानसंसाधन व्यवस्थापनात सक्रिय सहभाग' लिहा. कसं भारदस्त वाटतं! पुस्तकाचा कुठे मागमूस नाही.

कौशल्यांना रंगीत पट्ट्या हव्यातच. एक्सेल ८० टक्के, नेतृत्व ९०. कशाच्या ८० टक्के, असं विचारणारा माणूस मुळात संशयी स्वभावाचा असतो, तिथे नोकरी करूच नये.

मांडणी दोन रकान्यांची ठेवा आणि फोन, ईमेल एखाद्या सुबक चित्रात बसवा. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्याला चित्रातली अक्षरं बहुधा दिसत नाहीत, आणि रकाने ते कधीकधी आडवे वाचत जातं. मग डावीकडची पदवी उजवीकडच्या छंदाला चिकटते आणि तुम्ही 'बी.एस्सी. पोहणे' होता. असा उमेदवार दुसरा मिळणार आहे का त्यांना?

जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवायची युक्तीही जरूर करा. सॉफ्टवेअर मजकूर उपसून काढतं तेव्हा रंग गळून पडतो आणि तुमची हुशारी उघड्यावर येते, पण निदान कुणाच्या तरी नजरेत भराल.

पीडीएफ केल्यावर फाइलची माहिती उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. तिथे मूळ मालकाचं नाव तसंच राहतं आणि उघडल्यावर वर टॅबमध्येही दिसू शकतं. माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघत मला माझ्या सीनियरच्या नावाने बोलावलं.

मी 'हो मॅडम' म्हणून बसलो.