शेवटून दुसरा बाक

गेल्या सोमवारी सकाळी ९ वाजून २५ मिनिटांनी, दादरच्या एका शाळेत, इयत्ता पहिलीच्या वर्गात, बोलत होतो म्हणून मला बाईंनी जागेवरून उठवले आणि पहिल्या बाकावर आणून बसवले. माझे वय ४३ आहे. मी एका सहकारी बँकेत कर्जविभाग पाहतो आणि तेथे मी ‘बसा’ म्हटल्याशिवाय समोरचे लोक बसत नाहीत. शिवाय मी बोलत नव्हतो. हे मी सोमवारपासून घरी, बँकेत आणि लोकलमध्ये मिळून पुष्कळ लोकांना सांगितले आहे, परंतु त्यांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसलेला दिसत नाही.

निमित्त होते आमच्या कन्येच्या शाळाप्रवेशाचे. ‘नवागत विद्यार्थी व पालक स्वागत समारंभ’ अशा मथळ्याचे परिपत्रक आठवडाभर आधी आले होते. त्याप्रमाणे दारात झेंडूचे तोरण होते, रांगोळी होती, कर्ण्यातून सनई वाजत होती आणि प्रत्येक पालकाच्या हातात एकेक गुलाब ठेवला जात होता. मुंबईचा मान्सून सरासरीने ११ जूनला येतो आणि शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. त्यामुळे ती रांगोळी आम्ही पोहोचेपर्यंत जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत वाहत आली होती आणि पावसात पाणी साचणाऱ्या हिंदमाताच्या बाजूने आलेले एक गृहस्थ गुडघ्यापर्यंत विजार दुमडून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात गुलाब घेऊन उभे होते. मुलांना कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पहिल्या पावलाचे ठसे उमटवण्यासाठी खालच्या सभागृहात नेण्यात आले. दप्तरे पालकांनी सांभाळावीत, अशी सूचना झाली. येथपर्यंत सर्व ठीक होते.

पहिलीच्या बाकात बसण्यासाठी माणसाला गुडघे कोठेतरी वेगळे ठेवून येण्याची सोय हवी. ती नसल्यामुळे मी शेवटून दुसऱ्या बाकावर तिरका बसलो होतो. शेजारची जागा मोकळी होती. तेथे एक आजोबा येऊन बसले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेने आणि हातात फितीने बांधलेली नस्ती. बसल्याबरोबर त्यांनी फीत सोडली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. ते त्यांच्या मुलाने त्यांना दिलेले प्राधिकारपत्र होते. नातवाच्या शैक्षणिक बाबींसंदर्भात सर्व सभांना उपस्थित राहण्यास माझे वडील यांना याद्वारे प्राधिकृत करण्यात येत आहे, असा त्याचा आशय होता आणि खाली मुलाची व सुनेची अशा दोन सह्या होत्या.

“मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो,” ते म्हणाले. हे त्यांनी सांगितले नसते तरी चालले असते.

मुख्याध्यापिका बाई ध्वनिक्षेपक हातात घेऊन पालक आणि शिक्षक ही एकाच रथाची दोन चाके कशी आहेत ते सांगू लागल्या होत्या. आजोबांनी परिपत्रकावर पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली.

“पालकांनी ८.१५ वाजता उपस्थित राहावे, असे येथे म्हटले आहे,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आत भरवता येत नाहीत. लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू.”

मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे बोलणे नव्हे, हे येथे नमूद करून ठेवतो.

“तथापि, सदर निर्णयात पालकांच्या झोपेबाबत काहीही नमूद नाही,” ते खेदाने म्हणाले आणि समासात बारीक अक्षरात ‘त्रुटी’ असे लिहिले.

त्यानंतर त्यांची नजर माझ्या पायाशी ठेवलेल्या दप्तराकडे गेली. ते गुलाबी आहे, त्यावर एक शिंग असलेला घोडा आहे आणि ते मी आणलेले नाही. आजोबांनी ते दोन बोटांनी किंचित उचलले, खाली ठेवले आणि खिशातून एक वस्तू काढली. विमानप्रवासाला जाणारे लोक बॅगेचे वजन करण्यासाठी हुकाचा जो छोटा विजेरीवर चालणारा काटा वापरतात, तो तो होता.

“कन्येचे वजन?” त्यांनी विचारले.

“अठरा किलो असेल.” हे तीन शब्द मी बोललो, हे मान्य करतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणे मला असभ्यपणाचे वाटले.

“असेल नको. अखेरचे वजन केव्हा घेतले?”

“दिवाळीत.” चौथा शब्द.

“जुनी आकडेवारी. असो, अठरा धरू. २०१५ चा शासन निर्णय. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. अनुज्ञेय भार, एक किलो आठशे.” असे म्हणून त्यांनी हुक घोड्याच्या मानेवरच्या पट्ट्यात अडकवला आणि दप्तर अधांतरी धरले. काट्याने ‘टीं’ असा आवाज केला. पुढच्या बाकावरच्या दोन आयांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

“तीन किलो चाळीस ग्रॅम,” आजोबा म्हणाले. मी थकबाकी सांगतो तेव्हा माझा आवाज कर्जदाराला कसा वाटत असेल, ते मला प्रथमच कळले.

यानंतर जे झाले ते मी थांबवायला हवे होते. परंतु माझा स्वभाव भिडस्त आहे आणि वृद्ध माणूस आपल्या मुलीच्या पाठीच्या कण्याची चिंता करीत असताना त्याला ‘राहू द्या’ कसे म्हणावे, हे मला सुचले नाही. आजोबांनी दप्तर उघडले. ओला रेनकोट पिशवीत घालून हुकाला लावला. टीं. ४२० ग्रॅम. पोळीचा आणि खाऊचा असे दोन डबे, ५६० ग्रॅम. पाण्याची भरलेली बाटली, ९०० ग्रॅम. दरम्यान ते मला पार्श्वभूमीही समजावून देत होते. दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्याचा प्रयोग २०२३ मध्ये कसा झाला, मुलांनी ती पुस्तके आणि शिवाय वह्या अशी दोन्ही ओझी कशी वाहिली आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय कसा मागे घ्यावा लागला, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, आपण सेवेत असतो तर ही वेळ आली नसती, असा भाव होता.

“बाटली वजा करा,” ते म्हणाले. “दप्तराबाबतच्या २०२० च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे पिण्याचे चांगले पाणी शाळेनेच द्यायचे आहे. उरले २ किलो १४०. तरीही ३४० ग्रॅम जादा. हे कोठून आले?”

त्यांनी तळाशी हात घातला आणि एक दगड बाहेर काढला.

तो काळा, गुळगुळीत आणि मुठीपेक्षा थोडा मोठा होता. मे महिन्यात शिवाजी पार्कच्या चौपाटीवरून तो घरी आल्याचे मला आठवत होते. तो पहिलीत दाखल झाल्याची मला कल्पना नव्हती. आजोबांनी तो सर्व बाजूंनी न्याहाळला.

“हे शैक्षणिक साहित्य आहे काय?” त्यांनी विचारले.

मी काहीही बोललो नाही. कृपया याची नोंद घ्यावी.

दगडाला हुक लागत नसल्यामुळे त्यांनी तो आपल्या रुमालात बांधला आणि काट्याला टांगला. ६१० ग्रॅम दिसले, टीं वाजले आणि रुमालाची गाठ सुटली. लाकडी बाकावर, तेथून लोखंडी पायावर आणि तेथून फरशीवर अशा तीन टप्प्यांत तो दगड पडला. बाई नेमक्या दुसऱ्या चाकापाशी आल्या होत्या. मी वाकून दगड उचलला. वर पाहतो तो काटा आजोबांच्या खिशात गेलेला, नस्तीची फीत बांधलेली, हात नस्तीवर जुळलेले आणि आजोबा स्वतः इतर सर्व पालकांप्रमाणे माझ्याकडे नापसंतीने पाहत असलेले.

“त्या निळ्या शर्टातल्या पालकांनी कृपया पुढे येऊन बसावे,” बाई ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या. “मघापासून तुमचे बोलणे चालू आहे.”

“मी बोलत नव्हतो, बाई,” मी म्हणालो. हे वाक्य वर्गात उभे राहून ज्याने एकदा तरी उच्चारले आहे, त्याला त्याची किंमत ठाऊक आहे. १९८९ साली ते जितके निरुपयोगी होते, तितकेच आजही आहे. मी उठलो तेव्हा गुडघे अडकल्यामुळे बाकही माझ्याबरोबर वीतभर उठला आणि त्याबरोबर आजोबा. मात्र त्यांनी तेवढ्या उंचीवरूनही आपली मुद्रा ढळू दिली नाही. एका हातात गुलाब, एका हातात दगड आणि बगलेत घोडा अशा अवस्थेत मी तीस कुटुंबांमधून चालत पुढे गेलो.

पहिल्या बाकावरून सर्व नीट ऐकू येते, हा त्याचा दोष आहे. गणवेश कोणत्या दुकानातून घ्यावा ते ऐकू आले. शाळा साडेबाराला सुटेल आणि मुलाला नेण्यासाठी ‘घरातील कोणीतरी’ बरोबर साडेबाराला फाटकाशी असावे, हेही ऐकू आले. ते कोणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न नवराबायको दोघेही सव्वानऊची लोकल पकडणाऱ्या या शहरात कोणाला पडत नाही. शाळेला तर नाहीच नाही. पालकांचा ‘सक्रिय सहभाग’ अपेक्षित असल्याचे चार वेळा सांगण्यात आले, परंतु त्या सहभागासाठी रजा कोणी द्यायची, यावर बाई काही बोलल्या नाहीत. डब्याविषयीच्या सूचना ‘मातांनी’ या शब्दाने सुरू झाल्या. आमच्याकडे डबा मी भरतो. हात वर करून हे सांगावे असे मनात आले होते, परंतु माझ्या हातात दगड होता.

आणि शेवटी बाई जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “आपल्या ओळखीत, इमारतीत कोणाची मुले असतील तर त्यांनाही आपल्या शाळेविषयी सांगा. प्रवेश अजून चालू आहेत.” तेव्हा मला त्या गुलाबाचा उलगडा झाला. मी अशाच एका मराठी शाळेत पहिलीत गेलो तेव्हा वडिलांनी फाटकापाशी माझा हात सोडला, शिपायाने तो धरला आणि माझे स्वागत संपले. अ, ब, क, ड अशा चार तुकड्या होत्या आणि मी ‘ड’मध्ये मागच्या रांगेत मावत होतो. आता या शाळेत पहिलीची एकच तुकडी आहे, तीत ३१ मुले आहेत आणि पट किती भरतो त्यावरून संचमान्यतेत शिक्षकांची पदे ठरतात. पट घसरला की एखाद्या बाई अतिरिक्त ठरतात आणि त्यांना दुसरीकडे कोठेतरी समायोजित व्हावे लागते. दारातल्या टेबलावर गुलाबाच्या आधी मुलीचे आधार कार्ड का मागितले होते, तेही तेव्हाच ध्यानात आले: पटाची मोजणी त्यावरच होते. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत, असे लग्नाच्या पंगतीत तावातावाने बोलणारे माझे तिन्ही चुलतभाऊ आपली मुले पिवळ्या बसमधून वेगळ्याच दिशेला पाठवतात. त्यांना कोणी पहिल्या बाकावर बसवीत नाही. जो पोरीला घेऊन आला, तोच बोलणी खातो.

मी हा विचार करीत असतानाच दार उघडले आणि लाल पावलांची मुले रांगेने आत आली. आमची कन्या तिसरी होती. तिने पहिल्या बाकावर एकट्या बसलेल्या आपल्या बापाकडे पाहिले, त्याच्या हाताकडे पाहिले आणि सनई नुकतीच थांबलेली असल्यामुळे सर्वांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, तो माझा दगड आहे. तू का घेतलास?”

सभा संपल्यावर जिन्यात आजोबा भेटले. काही तरी खंत, किमान ‘माझ्यामुळे तुम्हाला’ अशी सुरुवात मला अपेक्षित होती. ते म्हणाले, “शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७. बालकाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, तसेच मानसिक त्रासही देता येत नाही.”

“मग?” मी विचारले.

“बालक म्हणजे सहा ते चौदा वयोगटातील. आपले वय?”

“त्रेचाळीस.”

“मग तरतूद नाही,” ते म्हणाले आणि छत्री उघडून पायऱ्या उतरू लागले. दोन पायऱ्यांवर थांबून त्यांनी मागे पाहिले. “दगड वगळता दप्तर आता नियमात आहे. एक किलो पाचशे तीस.”

संध्याकाळी कन्येने ही हकीकत प्रथम आईला, नंतर दूरध्वनीवरून साताऱ्याच्या आजीला आणि मग उद्वाहनात भेटलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना सांगितली. तिच्या कथनात मी वर्गात दगड मारीत होतो. दगड सध्या दूरचित्रवाणी संचाशेजारी आहे, कारण तो उद्यापासून पुन्हा शाळेत न्यायचा की नाही, यावर घरात एकमत झालेले नाही.

रात्री साडेदहाला पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शाळेचा संदेश आला: ‘सर्व पालकांना नम्र विनंती की, सभेच्या वेळी शांतता राखावी व अन्य वस्तू सोबत आणू नयेत.’ त्याखाली मिनिटभरात आजोबांनी लिहिले, ‘अवलोकन केले. सहमत.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यांतला तिसरा अंगठा माझ्या पत्नीचा होता.