सर्व्हिस चार्ज म्हणजे वेटरची टिप नव्हे

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज महिनाभरात तीनदा आला. त्याचं म्हणणं असं: मेनूकार्डावर छापलेला सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो, तो एक करच आहे, शिवाय तो वेटरला मिळतो, तो काढायला लावणारा गरिबाच्या पोटावर पाय देतो, आणि नाही दिला तर पोलिसांत तक्रार होते. हे वाचून चांगली माणसं गप्प बसतात, म्हणून लिहितो आहे.

छापलंय म्हणून द्यावंच लागतं, हे खोटं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी स्पष्ट केलं की हॉटेलने हा चार्ज बिलात आपणहून जोडायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकीला 1 लाख रुपये भरायला लावले.

कराचं म्हणाल तर बिलच नीट बघा. मागच्या महिन्यात वर्धा रोडवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये आमचं जेवण 1800 रुपयांचं झालं. बडीशेपेच्या वाटीखाली बिल आलं. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज 180, आणि जीएसटी 1800 वर नाही, 1980 वर: 5 टक्क्यांनी 99. एकूण 2079. म्हणजे सरकारकडे जायचे ते 99 रुपयेच, आणि त्यातलेही 9 त्या चार्जवरचे. 180 सरळ मालकाच्या गल्ल्यात. मी काउंटरवर जाऊन एवढंच म्हटलं, ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.’ मॅनेजरने थोडी कुरकुर केली, पण 1890 चं बिल दिलं.

वेटरच्या पोटाचा मुद्दा मात्र मनाला लागतो. वेटरचा पगार तुटपुंजा असतो, दिवसाचे दहा-बारा तास उभं राहावं लागतं, यात शंका नाही. पण म्हणूनच मी आमच्या टेबलावरच्या पोराला विचारलं, हा चार्ज तुम्हाला मिळतो का रे? तो हळूच म्हणाला, ‘दादा, मले पगार भेटते तेवढाच. चार्जाचं शेठले विचारा.’ काही मालक वाटून देत असतीलही. पण बिलावरून ग्राहकाला ते कळायला मार्ग नाही. वेटरची काळजी असेल तर चार्ज नाकारा आणि तेच पैसे त्याच्या हातावर ठेवा. मी 200 दिले. हातात दिलेल्या टिपेवर जीएसटीही लागत नाही.

पोलिसांची भीती तर निव्वळ धाक आहे. जेवणाचे आणि कराचे पैसे तुम्ही देताच आहात. वाद उरतो तो चार्जचा, आणि तो ग्राहक म्हणून मांडायचा वाद आहे. आवाज चढवू नका, वेटरवर तर मुळीच नाही. मॅनेजर ऐकतच नसेल तर पैसे भरा, बिलाचा फोटो काढा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच; एवढ्या रकमेला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि खिशात रोख नसेल तर टिप काउंटरच्या क्यूआरवर टाकू नका, ती मालकाच्या खात्यात जाते. वेटरलाच विचारा, ‘भाऊ, तुझा नंबर सांग.’