सोलर हिवाळ्यात चालत नाही? : जुळे सोलापुरातल्या ताईंच्या १ स्टारला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा १ स्टार त्याच दिवशी बघितला होता. उत्तराला आठ दिवस लागले, कारण आधी तुमच्या गच्चीवर चढायचं आणि मगच लिहायचं असं ठरवलं होतं. परवा येऊन गेलो. तुम्ही घरी नव्हता, सासूबाईंनी चहा पाजला आणि चार शब्द सुनावलेही.

तुमची तक्रार थोडक्यात अशी : एप्रिलमध्ये आमच्याकडून पाणी तापवायचा २०० लिटरचा, काचेच्या ट्यूबवाला सोलर बसवला. नोव्हेंबरपासून पाणी कोमट. लाइट बिल १४० युनिटांवरून ३१० वर गेलं. फोन केल्यावर माणूस चौथ्या दिवशी आला. सोलर हिवाळ्यात चालतच नाही, ही फसवणूक आहे, पैसे परत द्या.

चौथ्या दिवसाचं आधी. जानेवारीतला गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचा आठवडा होता, दोन्ही फिटर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. सोलापुरात हे कारण कुणालाही चालतं, पण गार पाण्याने आंघोळ करणाऱ्याला का चालावं? फोन करून तेवढं तरी कळवायला हवं होतं. चुकलं.

आता बिल. पाणी कोमट येतंय म्हणून तुम्ही नोव्हेंबरात फोन केला, तेव्हा आमच्या पोराने सांगितलं, "कॉइल चालू ठेवा, काही होत नाही." कॉइल म्हणजे सोलरच्या टाकीतला विजेचा हीटर. हे वाक्य ज्या दिवशी बोललं गेलं त्या दिवसापासून तुमचं मीटर पळतंय. हिशेब साधा आहे. १ युनिट विजेत ८६० लिटर पाणी १ अंशाने तापतं. तुमच्याकडे रात्री भांडी गरम पाण्याने होतात, साहेब शिफ्टवरून आले की १० वाजता आंघोळ करतात. जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार पाणी टाकीत भरतं. रात्री टाकी ३५ अंशांवर आली असं धरा. कॉइल ती ६० वर नेते, म्हणजे २०० लिटर गुणिले २५ अंश, जवळपास ५.८ युनिटं. महिन्याला १७४. तुमचं बिल वाढलंय १७० ने. वर १०० युनिटांच्या पुढचा दर वेगळा आणि ३०० च्या पुढचा आणखी वेगळा, त्यामुळे रुपयांत ते दुपटीच्याही पुढे दिसतं.

आणि खरं नुकसान त्याच्याही पुढचं आहे. सकाळी ऊन येतं तेव्हा टाकी आधीच तापलेली असते. मग सूर्याने करायचं काय? जेवून आलेल्या माणसाला पंगतीत बसवल्यासारखं होतं ते. फुकटची उष्णता दारात उभी आणि तुम्ही विकतची घेताय. कॉइल ही ढगाळ दिवसापुरती आहे. लागलीच तर पहाटे ५ वाजता १ तास लावायची. २ किलोवॉटची कॉइल तेवढ्या वेळात २ युनिटं घेते आणि टाकी ८-९ अंशांनी वर नेते. ४२ ची ५० होते, आंघोळीला भरपूर झालं.

मग मुळात पाणी कोमट का व्हायला लागलं? इथे मात्र मला मान खाली घालावी लागेल. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी ट्यूबच्या दक्षिणेला, उंच स्टँडवर आहे. एप्रिलमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सावली पडली नाही. डिसेंबरात सोलापुरात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपासच चढतो. मी ११ वाजता वर होतो, वीसपैकी नऊ ट्यूब सावलीत. हिवाळ्यातली सावली एप्रिलमध्ये दिसत नाही हे खरं, पण ती डोळ्यांपुढे आणणं हेच तर आमचं काम. जागा चुकली.

शिवाय एका ट्यूबचं खालचं चंदेरी टोक पांढरं पडलंय. म्हणजे तिच्या काचेच्या दोन थरांमधली निर्वात पोकळी गेली, ती आता थर्मास राहिली नाही, नुसती काच आहे. ती वॉरंटीत बदलून मिळेल.

गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंतचा पाइप साधारण ६० फूट, पाऊण इंची, उघडा, तोही उत्तरेच्या भिंतीवरून. त्यात जवळपास ५ लिटर पाणी मावतं. नळ सोडला की आधी ते गार पाणी येतं, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात गार होत बसतं. दिवसातून चार वेळा असं झालं की एक बादली गेली. कोटेशनमध्ये पाइपाच्या आवरणाची ओळ होती, तुम्ही ती काढायला लावली होती. त्याचा राग नाही, बरेच जण काढतात. अक्कलकोट रोडला एका आजोबांनी पाइपाला जुनी सोलापुरी चादर गुंडाळली होती. पावसाळ्यापर्यंत झकास चालली!

पण "सोलर हिवाळ्यात चालत नाही" हे मी मान्य करणार नाही. आपल्याकडे सोलरचे वाईट दिवस जुलै-ऑगस्टचे, ढगांचे. हिवाळ्यात आभाळ मोकळं असतं. दिवस लहान असतो, येणारं पाणीच गार असतं आणि प्रत्येकाला एक बादली जास्त लागते, एवढंच. शेजारच्यांच्या गॅस गिझरचं तुम्ही लिहिलंय. तो जरूर घ्या, पण बंद न्हाणीत बसवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. त्या धुराला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडतो.

पैसे परत देणार नाही, वाढलेलं बिलही भरणार नाही. सोलरचा स्टँड सावलीतून हलवण्याचं सगळं काम आमच्या खर्चाने. पाइपाचं आवरण मालाच्या भावात, मजुरी नाही. बोअरच्या पाण्याने कॉइलवर खार धरायला लागलाय, तो त्याच दिवशी काढून देतो. पुढे वर्षातून एकदा काढावा लागेल, तेव्हा पैसे पडतील. ट्यूबवर धूळ बरीच आहे. ती तुम्हीच पुसा, पण उजाडायच्या आत. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारलं की ती तडकते.

रविवारी सकाळी ८ ला मी दोन्ही फिटर घेऊन येतो. शनिवारी रात्री कॉइलचा एमसीबी खाली पाडून ठेवा आणि सासूबाईंना सांगा, तेवढी एक रात्र भांडी गार पाण्याने घासा.