गावातला गरीब गरीबच राहावा म्हणून

आपण गावातील जाणते गृहस्थ आहात, चार लोक आपल्या शब्दाबाहेर नाहीत आणि अडल्यानडल्याला पैसा पुरवण्याचे समाजकार्य आपण शेकडा पाच रुपये महिना इतक्या माफक दराने करत आला आहात, हे गृहीत धरून हा सल्ला देत आहे.

नापिकी, बोंडअळी आणि कापसाचा पडलेला भाव यांनी गरिबी टिकते, अशी आपल्या विदर्भात समजूत आहे. ती खोटी नाही, पण तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे, कारण एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, तुरीला भाव मिळतो आणि कास्तकार मान वर करतो. खात्रीची गरिबी कागदावर असते. नवरा गेल्यावर जिचे नाव सातबाऱ्यावर चढलेच नाही, तिला चार एकर वावराची वारस असूनही बँक पीककर्ज देत नाही, आणि मृग लागला की बियाण्याच्या पैशासाठी ती आपल्याच ओसरीवर येऊन बसते.

म्हणून पहिली काळजी फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याच्या नोंदीची, घ्यावी. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ पासून विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस मानतो. पटवाऱ्याकडे वारसांची नावे देताना दिराला वहिनीचे नाव आठवले नाही, की त्या कायद्याची अडचण उरत नाही. नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि ते दिवस ती दुसऱ्याच्या वावरात निंदणात घालवते.

ती येते तेव्हा तिच्या हातात काळी पन्नी असते. त्या पन्नीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, कृषी केंद्राची बिले आणि घडीवर फाटत आलेली खरेदीखताची प्रत असते. ही शेवटची प्रत आपल्या ओळखीची आहे: घेतलेले पैसे थोडे, कागद मात्र दोन एकरांचा, आणि ‘पैसे फेडले की वावर परत’ ही बोली फक्त तोंडी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार अशी खरेदी सावकारीपोटी झाल्याचे चौकशीत ठरले, तर जिल्हा उपनिबंधक ती रद्द करून जमीन परत देऊ शकतात, आणि परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला कैदही होऊ शकते. झरी-जामणी किंवा घाटंजीकडच्या एखाद्या कोलाम आदिवासीच्या वावरावर आपली नजर असेल, तर काळजी दुप्पट घ्या. १९७४ पासून आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर आदिवासीला विकत किंवा मक्त्याने घेता येत नाही. मात्र हे सारे कायदे कोणी अर्ज लिहून दिला तरच जागे होतात, तेव्हा आपले खरे काम अर्ज लिहिणाऱ्याला दूर ठेवण्याचे आहे.

तो अर्ज लिहिणारा सरकारनेच नेमून ठेवला आहे, ही या व्यवस्थेतील सर्वांत खेदाची बाब. राज्यघटनेत १९७६ साली मोफत कायदेशीर मदतीचे ३९-क हे कलम घालण्यात आले, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि तेव्हापासून तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती बसू लागली. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. म्हणजे आपल्या ओसरीवरची ती बाई साध्या कागदावर अर्ज करून, एक रुपया फी न देता, आपल्याविरुद्ध वकील उभा करू शकते. तिला हे कळता कामा नये. १५१०० हा मदतीचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला असेल, तर त्यावर शुभेच्छांचे फलक लावण्यास आपल्या वाढदिवसाइतका योग्य मुहूर्त नाही.

तरीही कळलेच, तर मायेने सांगा: ‘काकू, फुकटच्या वकिलाचा काय भरोसा?’ या कामी व्यवस्थाही आपल्याला हात देते. मानधन तुटपुंजे, हाताखाली प्रकरणे ढीगभर, त्यामुळे तारखेला न येणारा किंवा ‘झेरॉक्सचे तेवढे बघा’ म्हणणारा एखादा वकील निघतोच. त्याचा किस्सा पारावर पुन्हा पुन्हा सांगावा. नेटाने लढून बाईचे वावर सोडवून देणारा वकीलही असतो, पण त्याचा किस्सा सांगण्याचे आपल्याला कारण नाही. शिवाय लोकअदालत आहेच. ती वाईट गोष्ट नव्हे. कोर्ट फी परत मिळते, वर्षे वाचतात. आपल्यासाठी तिची खुबी एवढीच, की तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा रोजंदारी बुडवून तारखांना थकलेली बाई, तिच्या बाजूने बोलणारे कोणी सोबत नसताना, तडजोडीच्या कागदावर सही करायला बसेल असा दिवस साधा.

विधी सेवा समितीच्या कायदेविषयक शिबिराला विरोध मात्र चुकूनही करू नका. उलट यजमानपद मागून घ्या. ते कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, सकाळी अकराला ठेवा, म्हणजे समोर शाळेची मुले आणि आपली माणसे बसतील. सत्कार सात-आठ असू द्यावेत, शाल-नारळात तास जातो, आणि साहेबांचे भाषण कलमांवर आले की पोहे आणावेत. हजेरीपटावर अंगठे उमटले, छायाचित्र निघाले, की गाव साक्षर झाले.

एकच धोका राहतो. शिबिरानंतर साहेब गावासाठी विधी स्वयंसेवक, म्हणजे अडलेल्याला विधी सेवा समितीपर्यंत नेणारा माणूस, म्हणून कोणाचे नाव पाठवावे, असे विचारतात. बचतगटाच्या हिशेबात पैशाची चूक न करणारी आणि तहसीलच्या बाबूला उलट प्रश्न विचारणारी एक बाई प्रत्येक गावात असते, आणि लोक तिचेच नाव घेतील. त्याआधी आपल्या पुतण्याचे नाव पुढे करा. तो नाहीतरी दिवसभर तालुक्यालाच असतो, आणि गावकऱ्यांचा फोन तो सहसा उचलत नाही.