अर्धी सही फोटोवर, अर्धी कागदावर

आज आरटीओत एका काकांना तीन तास बसवून ठेवून परत पाठवलं. साठी ओलांडलेले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळी कागदं क्रमाने लावलेली. लायसन रिन्यू करायला आले होते. नंबर लागला, खिडकीवर फाइल उघडली आणि दहा सेकंदांत मिटली. "डॉक्टरांची सही चुकलीय. परत या." सही चुकते कशी, हेच काकांना कळेना.

तर अशी चुकते. चाळिशी उलटली की फॉर्म 1ए लागतो, म्हणजे डॉक्टरांचं सर्टिफिकेट. त्यावर आपला फोटो चिकटवायचा आणि डॉक्टरांनी फोटोवरून अशी सही करायची की अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर येईल. काकांच्या डॉक्टरांनी फक्त खाली, रेघेवर केली होती. फोटो कोराच. बरं, नियमाला कारण आहे, मान्य. नाहीतर मागाहून फोटो बदलता येतो. जिथे डॉक्टर हे सर्टिफिकेट ऑनलाइनच भरतात तिथे ही भानगडही नाही. पण कागद घेऊन आलेल्याला हे टोकन देतानाच सांगायला काय जातं? दारात एक टेबल, एक माणूस, फॉर्मवर एक नजर. काका साडेदहालाच घरी गेले असते!

मंडळी, रांगेचा राग नाही हो. रांगेत आपण जन्मापासून उभे आहोत. राग याचा, की चूक रांग संपल्यावर कळते.

ऑनलाइनचीही तीच तऱ्हा. जुन्या लायसनवरचा नंबर जसाच्या तसा टाकला की पोर्टल म्हणतं, रेकॉर्ड सापडत नाही. कारण त्याला पूर्ण साचा हवा असतो: राज्य, आरटीओचा कोड, चार आकडी वर्ष आणि पुढे सात आकडे. तुमचा नंबर 4521 असेल तर पुढे तीन शून्यं लावून 0004521. आणि लायसन जुन्या पुस्तिकेच्या जमान्यातलं असेल तर ते मुळात कॉम्प्युटरवर चढलेलंच नसतं. आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनं लायसन कॉम्प्युटरवर चढवणं, मग रिन्यूअल, म्हणजे एकाच्या दोन खेपा. फोटो आणि सही 10 ते 20 केबीत बसवायची. मोबाइलवरचा फोटो दोन-तीन एमबीचा, तो दाबून दाबून 20वर आणला की माणूस ओळखू येत नाही. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. आधी पेमेंटचं स्टेटस तपासा, बहुतेक वेळा पावती तिथेच अडकलेली असते.

आणि हे सगळं सर्वांत जास्त वेळा कुणाच्या वाट्याला? हिशोब बघा. तिशीच्या आत लायसन काढलंत तर ते चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत. पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी. म्हणजे ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच जास्त फेऱ्या! नजर तपासायला हवी, त्यावर वाद नाही. पण मग त्यांना बसायला चार खुर्च्या जास्त टाका की.

कारकुनावर मी मघाशी मनातल्या मनात बरंच तोंडसुख घेतलं. आता लिहिताना आठवतंय, पाचातल्या दोनच खिडक्या चालू होत्या आणि त्याचा डबा टेबलावर तसाच बंद पडला होता. काकांना त्याने फॉर्मवर पेनाने गोल करून दाखवलं, सही नेमकी कुठे हवी ते. आवाज चढवला नाही. तेवढं त्याचं.

आता कामाचं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, हे निम्म्या लोकांना माहीतच नाही. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती 2019च्या दुरुस्तीत गेली. आता तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बिनलायसनचे, पकडलं तर 5000. वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट, पुन्हा आठ काढा. आधारला मोबाइल जोडलेला असेल आणि आधार व लायसन दोन्हीवर नाव अक्षरशः सारखं असेल तर आधी फेसलेस अर्ज करून बघा, जमलं तर आरटीओची पायरी चढावी लागत नाही. 'राव' एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अडतं. रिन्यू झालं पण कार्ड पोस्टात असेल तर डिजिलॉकरमधलं दाखवा, ते कायद्याने चालतं.

काका बाहेर पायरीवर बसून फोनवर घरी सांगत होते. मुदत सोमवारी संपतेय, पुढचा स्लॉट मिळालाय गुरुवारचा. "तोवर स्कूटर काढायची नाही," म्हणाले, "तू मंडईत रिक्षाने जा."