आवारातला उजेड किती आणि कोठे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. व्यावसायिक इमारतींच्या बाहेरील दिव्यांच्या नियोजनावर मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य झाले नसते, म्हणून हे स्वतंत्रपणे लिहीत आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा यासाठी आपले म्हणणे आधी मांडतो. बेळगाव-खानापूर मार्गालगत आपले मंगल कार्यालय आहे, पुढे चार गाळे आहेत आणि वाहने लावण्यासाठी 35 मीटर लांब व 26 मीटर खोल, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचे पटांगण आहे. इमारतीच्या कठड्यावर आपण 200 वॅटचे चार फोकस बसवले असून ते रात्रभर चालू असतात. कमी वॅटचे पण अधिक दिवे ठिकठिकाणी लावावेत हा माझा सल्ला मोठ्या शहरातील मॉलला शोभेल, असे आपले मत आहे. महामार्गालगतच्या एकट्या आवारात अंधार म्हणजे चोराला आमंत्रण, आवार लांबून झगमगताना दिसले नाही तर बुकिंग जाते, आणि आपल्याकडचा पाऊस व विजेची चढउतार यांत महाग दिवे टिकत नाहीत, म्हणून स्वस्तातला मोठा फोकस लावावा आणि गेला की बदलावा, असे आपण लिहिले आहे.

शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण सुरक्षिततेचा मुद्दा आधी घेतो, कारण दिवे बसवताना बहुतेक मालकांच्या मनात तोच पहिला असतो आणि त्याच मुद्द्यावर पैसा सर्वाधिक वाया जातो.

उजेड कमी करा असे मी लेखात कोठेही म्हटलेले नाही. उजेड जेथे हवा तेथे पाडा, एवढेच म्हटले आहे. आपला कठडा जमिनीपासून साधारण 8 मीटर उंच आहे असे धरू. फोकस बसवताना एक साधा ठोकताळा पाळतात : झोताचा मध्य जमिनीवर जेथे टेकतो, तेथपर्यंतचे अंतर दिव्याच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त नसावे. आपल्या बाबतीत ते 16 मीटर होते आणि पटांगणाचे टोक 26 मीटरवर आहे. ते टोक उजळावे म्हणून वायरमन फोकस वर उचलतो आणि झोत सरळ फाटकातून आत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर जातो. दिव्यापासून भिंतीच्या पायथ्यापर्यंतच्या अंतरापेक्षा पटांगणाच्या टोकापर्यंतचे अंतर तिपटीहून अधिक असल्यामुळे समान तीव्रतेचा प्रकाश तेथे दहा पटींहून अधिक घटतो, शिवाय तो तिरका पडतो. म्हणजे आपण 800 वॅट जाळूनही जवळची फरशी पांढरीफटक दिसते आणि लांबचा कोपरा काळाच राहतो. त्या पांढऱ्या फरशीला सरावलेल्या डोळ्यांना तो कोपरा प्रत्यक्षात आहे त्याहूनही अधिक काळा भासतो.

आता एखादा टेम्पो किंवा वऱ्हाडाची बस पटांगणात उभी आहे अशी कल्पना करा. सर्व उजेड इमारतीच्या एकाच बाजूने येत असल्याने वाहनाच्या रस्त्याकडील अंगाला लांबलचक गडद सावली पडते. चोराला उभे राहायला तीच जागा सोयीची असते, आणि ती सावली आपल्या दिव्यांनीच तयार केलेली असते. फोकस दुप्पट वॅटचे केले तर सावली जाणार नाही, उलट अधिक गडद भासेल. सावली मोडायची तर समोरच्या बाजूनेही थोडा उजेड यावा लागतो. सीसीटीव्हीचेही असेच आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत प्रखर दिवा आला की कॅमेरा आपोआप एकूण चित्र गडद करतो आणि फाटकाजवळच्या माणसाची नुसती काळी आकृती उरते. चेहरा ओळखू यावा असे वाटत असेल, तर उजेड कॅमेऱ्याच्या मागून किंवा बाजूने, आणि समान पडला पाहिजे.

वयाचाही विचार येथे करावा लागतो, कारण आपल्याकडे येणाऱ्यांमध्ये आजी-आजोबा पुष्कळ असतात. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतील तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर प्रखर दिव्याकडे पाहताना सगळे दृश्य धुरकट होते. पायरीवरून पडण्याचे बहुतेक प्रसंग टाळायचे असतील तर प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर, रॅम्पवर आणि गटाराच्या जाळीपाशी डोळ्यांना न खुपणारा छोटा दिवा हवा. मोठा फोकस मागून आला की माणूस स्वतःच्याच सावलीत पायरी शोधतो.

आकडे पुस्तकी आहेत असे आपण म्हटले, म्हणून आपल्याच पटांगणाचा हिशोब मांडतो. 30 वॅटचा चांगला एलईडी पथदिवा वॅटमागे 110 ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) देतो असे धरले, तर आठ दिव्यांचे मिळून 26,400 ल्युमेन होतात. त्यातील साधारण 45 टक्के प्रकाश प्रत्यक्ष पटांगणावर पडतो, आणि धूळ व दिव्याचे वय लक्षात घेऊन त्याचे 80 टक्के धरले, तर 9,500 ल्युमेन उरतात. नऊ गुंठे म्हणजे 910 चौरस मीटर, म्हणून सरासरी 10 लक्सच्या (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) थोडा वर उजेड मिळतो. तुलनेसाठी सांगतो : पौर्णिमेचे चांदणे फार तर पाव लक्स असते, आणि रस्त्यांवरील दिव्यांसाठीच्या ‘आयएस 1944’ या क्रमांकाच्या भारतीय मानकात बऱ्यापैकी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यासाठी 8 लक्स व त्यावरच्या वर्गातील मुख्य रस्त्यासाठी 15 लक्स सरासरी सांगितली आहे. मुख्य म्हणजे हे मानक सरासरीवर थांबत नाही. सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या निदान 0.3 पट, मोठ्या रस्त्यांवर 0.4 पट असावा, अशी अटही घालते. आपले सध्याचे आवार सरासरीत सहज उत्तीर्ण होईल, पण या अटीत ते बसणार नाही असे मला ठामपणे वाटते.

विजेचेही पाहू. चार फोकस रोज बारा तास म्हणजे 9.6 युनिट, महिन्याला 288. आठ दिवे साडेसहा ते अकरा पूर्ण आणि नंतर सकाळी साडेसहापर्यंत निम्म्या तीव्रतेने चालवले, तर रोजचे 1.98 युनिट होतात, महिन्याला साठाच्या आत. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या भागातील वीज कंपनीच्या, बिलावर आपल्या जोडणीचा दर छापलेला असतो. फरकाला त्या दराने गुणले की खांबांचा खर्च किती काळात वसूल होईल हे आपणच ठरवू शकाल.

आठ खांब उभारा असे मात्र मी म्हणत नाही. तीन दिवे इमारतीच्या भिंतीवर 5 मीटरवर, काच जमिनीला समांतर ठेवून बसवता येतात. तीन खांब रस्त्याकडील कुंपणाच्या आत, पटांगणाकडे तोंड करून, आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे 6 मीटर उंचीचे पाच खांब पुरेत. खांबांमधील अंतर उंचीच्या तिपटी-चौपटीपर्यंत चालते, म्हणजे 18 मीटरपर्यंत निश्चिंत राहावे. आपल्या 35 मीटरच्या लांबीत तीन खांब त्याहून जवळ येतात. आर्मर्ड केबलचा (धातूचे संरक्षक कवच असलेल्या केबलचा) चर कुंपणाच्या कडेने काढल्यास फरशी फोडावी लागत नाही.

झगमगाटाबद्दल आपली चिंता रास्त आहे, कारण मंगल कार्यालयाचे रूप हाच त्याचा व्यवसाय असतो. पण लांबून काय दिसते याचा विचार करा. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर अंतर कापते. चालकाला वळण्याचा निर्णय घ्यायला दहा सेकंद मिळावेत, तर आपले फाटक त्याला 220 मीटरवरून ओळखता आले पाहिजे. इतक्या लांबून जमीन दिसत नाही. उभे पृष्ठभाग दिसतात, म्हणजे कमान, फलक आणि इमारतीचा दर्शनी भाग. रस्त्याकडे रोखलेल्या फोकसमुळे त्याला केवळ चार प्रखर ठिपके दिसतात आणि शेजारच्या फलकावरील नाव त्यांच्यात बुडून जाते. तोच खर्च फलकावर समान उजेड पाडण्यावर आणि कमानीच्या दोन्ही खांबांवर खालून-वरून सौम्य दिवे देण्यावर केला, तर आपले कार्यालय लांबून अधिक देखणे दिसेल. लग्नाच्या दिवशीची रोषणाई त्यावर वेगळी चढवता येते आणि अशा शांत पार्श्वभूमीवर ती उठूनही दिसते.

पिवळा उजेड उदास वाटतो असेही आपण लिहिले आहे. जुन्या सोडियम दिव्यांखाली शालूचे रंग ओळखू येत नसत, त्यामुळे हा समज रुजला असावा. आताचे 3000 केल्विनचे एलईडी रंग नीट दाखवतात (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्याकडे किडे अधिक येतात, आणि पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरे जेवणाच्या पंगतीत कशी कोसळतात हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. भोजनगृहाच्या दारासाठी तरी उबदार रंगाचाच दिवा असावा आणि तोही दारापासून थोडा दूर.

कार्यालयामागे कोणाचे शेत आहे, हे आपण लिहिलेले नाही. सोयाबीनला फुलोरा येण्यासाठी रात्र पुरेशी लांब आणि काळोखी लागते. रात्रभर फोकस पडणाऱ्या पट्ट्यातील पीक फुलायला उशीर करते आणि बाकीचे शेत पिकले तरी तेवढा पट्टा हिरवाच राहतो. शेजारच्या शेतकऱ्याचे हे नुकसान आपल्या बिलात दिसत नाही, म्हणून ते हिशोबाबाहेर राहते, आणि मला ते मनापासून खटकते. जांबोटी-कणकुंबीकडे निवासी व्यवसाय करणाऱ्या वाचकांनी तर याहून अधिक जपावे. 2011 मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य तेथे जवळ आहे, आणि त्यातील बारापेडे गुहांमध्ये रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट हे अत्यंत दुर्मीळ वटवाघूळ राहते. जंगलाकडे तोंड केलेला एकही दिवा तेथे नसावा.

आता टिकाऊपणाकडे येतो. दिवे जातात हे खरे, पण ते बहुधा दोन कारणांनी जातात आणि दोन्ही टाळता येतात. पहिले कारण पाणी. आयपी 65 किंवा 66 (धूळ व पाणी रोखण्याची श्रेणी) लिहिलेला दिवा स्वतः पाणी रोखतो. पाणी शिरते ते केबलच्या ग्लँडमधून (केबल दिव्यात शिरते तेथील घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणि टेप गुंडाळलेल्या जोडातून. संध्याकाळभर तापलेला दिवा अचानक आलेल्या सरीने थंड झाला की आतील हवा आकसते आणि तो फटीतून दमट हवा आत ओढतो. केबलच्या जाडीला नेमका बसणारा ग्लँड, दिव्यात शिरण्यापूर्वी केबलला खाली दिलेला वळसा, आणि जोडासाठी बंद पेटी, एवढ्याने पावसाळे निभतात. दुसरे कारण वीज. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हाच्या क्षणिक झटक्यासाठी 10 किलोव्होल्टचा सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडतो. पण लाइनचा न्यूट्रल (परतीची तार) तुटतो तेव्हा सिंगल फेजवर चारशे व्होल्टच्या आसपास दाब येऊन तो टिकून राहू शकतो, आणि अशा वेळी सर्ज प्रोटेक्टर स्वतःच जळतो. त्यासाठी दाब मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठा तोडणारे व्होल्टेज प्रोटेक्टर बोर्डात वेगळे बसवावे लागते. ते एकदा बसवले की सर्व बाहेरील दिव्यांना पुरते. लोखंडी खांबांचे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत मात्र काटकसर नको. लग्नाला आलेली लहान मुले त्याच खांबांना धरून खेळतात.

टायमरबद्दल थोडेच. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास, म्हणून घड्याळी टायमरपेक्षा फोटोसेल (अंधार पडताच दिवा लावणारा संवेदक) बरा. फक्त त्यावर दिव्याचाच उजेड पडू देऊ नये.

एकदम सर्व बदलणे शक्य नसेल, तर आधी सध्याचे चार फोकस खाली वळवावेत आणि अकरानंतर त्यांतील दोन बंद ठेवावेत. भिंतीवरचे तीन दिवे त्यानंतर घ्यावेत, खांब पुढील हंगामाआधी. तरीही शंका राहिली तर प्रत्यक्ष पाहावे. आपल्या नेहमीच्या मंडपवाल्याकडून कुंपणाजवळ 6 मीटर उंचीचा पाइप पक्का उभा करून घ्यावा, त्यावर 30 वॅटचा एक दिवा तात्पुरता लावावा आणि अमावास्येच्या आसपासच्या रात्री फोकस अर्धा तास बंद ठेवावेत. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनी फाटकापाशी, उभ्या टेम्पोच्या मागे आणि पायऱ्यांजवळ उभे राहून कोठे काय दिसते हे लिहून ठेवावे, मग फोकस लावून त्याच जागांवरून पुन्हा पाहावे. त्या नोंदी आणि पटांगणाचा हाताने काढलेला नकाशा येथे पाठवल्यास खांबांच्या जागा मी त्यावर खुणा करून कळवीन.

आपला स्नेहांकित.