ब्रिटनीचे ड्यूक समजून घ्यायचे तर नाँतच्या आधी फुजेर पाहा

ब्रिटनी म्हणजे आजच्या फ्रान्सचा पश्चिमेकडचा भाग, तेव्हा ड्यूकांचं वेगळं राज्य. तिथल्या ड्यूकांचा किल्ला म्हटलं की सगळे नाँत शहराचं नाव घेतात. ड्यूक दुसरा फ्रान्स्वा याने 1466 पासून तो नव्याने बांधायला घेतला, त्याची मुलगी, पुढे डचेस झालेली ॲन, हिचा जन्मही तिथलाच. देखणा आहे, त्यात वाद नाही. पण ड्यूकांचं राज्य कसं राखलं गेलं आणि कसं गेलं, हे कळतं ते फ्रान्सच्या सीमेवरच्या फुजेरला, असं माझं ठाम मत आहे.

फुजेर डोंगरावर नाही, खोऱ्यात आहे. नांसों नदीच्या वळणात वर आलेला एक खडक आणि भोवती दलदल. अशा जागी शिड्या नि यंत्रं तटापर्यंत आणणंच अवघड. दरवाजातून आत गेलं की आधी छोटं आवार, मग मोठं आवार, आणि सगळ्यात मागे उंचावर बालेकिल्ला. एक आवार पडलं तरी पुढच्यातून लढता येतं. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने 1166 मध्ये आधीचा किल्ला पाडला, त्यानंतरची ही उभारणी. बालेकिल्ल्यातला मेल्युझिन बुरूज साधारण 30 मीटर उंच, भिंत साडेतीन मीटर जाड.

1428 मध्ये ड्यूक पाचवा जाँ याने हा किल्ला विकत घेतला. मूळ मालक आलाँसोंचा ड्यूक इंग्रजांच्या कैदेत सापडला होता, खंडणीपायी त्याला विकावा लागला.

मार्च 1449 मध्ये इंग्रजांच्या पदरी असलेल्या फ्रान्स्वा द सुरिएन याने रात्रीतून शिड्या लावून किल्ला घेतला. तट कितीही उंच असो, पहारा ढिला पडला की उंचीचा उपयोग शून्य. फ्रान्सच्या राजाला हेच निमित्त मिळालं, इंग्रजांशी युद्ध पुन्हा पेटलं आणि 1450 पर्यंत नॉर्मंडी इंग्रजांच्या हातून गेली.

पुढे 1480 च्या सुमाराला तोफांसाठी दोन बुरूज उभे राहिले: राऊल आणि सुरिएन. इथे जरा थांबून भिंत बघा. जाडी सुमारे सात मीटर, मेल्युझिनच्या दुप्पट, उंची मात्र कमी. कारण उघड आहे. लोखंडी गोळा उंच, सडपातळ भिंतीच्या पायावर बसत राहिला की वरचा भाग स्वतःच्याच वजनाने खाली येतो. तोफा आत, भिंतीतच काढलेल्या कमानदार खोल्यांमध्ये. बंद खोलीत बार उडाला की धूर कोंडतो, म्हणून अशा बांधणीत धूर बाहेर जायची वाट ठेवावीच लागते. नाहीतर दोनचार बारांनंतर गोलंदाजाला समोरचं काही दिसत नाही.

एवढं करूनही जुलै 1488 मध्ये फ्रान्सच्या राजाचा सेनापती ला त्रेमुई याच्या तोफखान्यापुढे फुजेर आठवडाभरच टिकलं. माझ्या मते खोट त्या दोन बुरुजांत नव्हती. बाकीचा तट जुन्याच घडणीचा होता आणि तोफ हलवून जिथे भिंत कच्ची तिथे लावता येते. त्यात खोऱ्यातली जागा: जी दलदल शिड्यांना अडवायची ती भोवतालच्या उंचवट्यांवरून येणाऱ्या गोळ्यांना काय अडवणार? ड्यूकची कुमकही वेळेत पोचली नाही. ती फौज 28 जुलैला सेंत-ओबँ-द्यु-कॉर्मिए इथे मोडली.

ऑगस्टमधल्या तहात ड्यूक दुसरा फ्रान्स्वा याने लिहून दिलं की फ्रान्सच्या राजाच्या संमतीशिवाय मुलींची लग्नं करणार नाही. फुजेर, दिनाँ, सेंत-मालो आणि सेंत-ओबँ तारण म्हणून राजाकडे गेले. 9 सप्टेंबरला ड्यूक वारला. वारस ॲन तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि सीमेवरचे किल्ले राजाच्या ताब्यात.